शाळेतली पेशी

त्या गुरुवारी सकाळी साडेदहाला मी शाळेच्या प्रयोगखोलीत कांदा सोलत बसले होते. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. पदराने डोळे पुसत खिडकीबाहेर पाहिलं, तर व्हरांड्याच्या दोन टोकांना दोन गृहस्थ येऊन बसलेले. दोघंही पन्नाशीच्या पुढचे. दोघांची धोतरं धुवट आणि कडक, डोक्यावर पांढऱ्या टोप्या, आणि मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं कागदांचं गाठोडं. एकाने तोंड फाटकाकडे केलं होतं, दुसऱ्याने मुतारीच्या भिंतीकडे. मधली वीस हात जागा मोकळी.

कुणाचा तरी शाळा सोडल्याचा दाखला हवा असेल, असं समजून मी नाक पुसलं आणि कांद्याचा पापुद्रा काढायला लागले.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. मिरजेला बी. एस्सी., बी. एड. केलं आणि जाहिरात बघून अर्ज टाकला, तर नोकरी लागली ती थेट वऱ्हाडात, बोरखेडीच्या विद्यालयात. आईने नकाशात गाव शोधलं. ते सापडलं नाही, म्हणून ती रडली. सापडलं असतं तर जास्तच रडली असती.

मराठीच बोलतात ना, मग काय अडणार, असं मला वाटलं होतं. पहिल्याच आठवड्यात नववीतली एक मुलगी वर्गात उशिरा आली. कुठे होतीस, विचारलं तर म्हणाली, "मॅडम, मी पानी पिऊन राह्यली होती." पोरीच्या घरी खायला नाही, ती नुसत्या पाण्यावर राहते आहे, असं समजून मी दुपारी माझा डबा तिला दिला. 'पिऊन राह्यली' म्हणजे नुसतं 'पीत होते', हे मला नंतर कळलं; तिने मात्र तो डबा मुकाट्याने खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाच मुली पाणी पिऊन राहिल्या होत्या.

तर अशी मी तिथे सात महिने होते. शाळेला एक नवाकोरा सूक्ष्मदर्शक आला होता, पण तो मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद होता. मुख्याध्यापक गावंडे सर माणूस भला, फक्त त्यांना दोन गोष्टी फार प्रिय: खर्रा, म्हणजे तिकडची घोटलेली तंबाखू-सुपारी, आणि सरकारी भाषा. खर्ऱ्याने तोंड भरलेलं असायचं तेव्हा ते हनुवटी वर करून खुणांनी बोलत, आणि तोंड रिकामं असलं की परिपत्रकासारखं बोलत. सूक्ष्मदर्शक बाहेर काढला तर फुटेल, फुटला तर चौकशी लागेल, म्हणून तो न काढणं योग्य, असं त्यांचं मत होतं. मी दर सोमवारी त्यांच्या मागे लागायची. शेवटी ते कबूल झाले, पण अट घातली: नववीच्या पालकांना बोलवायचं. शाळेत असं यंत्र आहे हे गावाला कळलं पाहिजे.

नववीच्या पहिल्याच धड्याचा प्रयोग राहिला होता, तो पेशीचा. मी आनंदाने बेचाळीस चिठ्ठ्या लिहिल्या: 'गुरुवारी सकाळी अकरा वाजता शाळेत पेशी. पालकांनी हजर राहावे.' सरांनी वर 'आदेशावरून' हा शब्द घालायला लावला, कारण त्याशिवाय बोरखेडीत कुणी कुठे जात नाही. 'राहावे' खोडून 'राहावेच' केलं. मग त्यांनी बेचाळीसही चिठ्ठ्यांवर सही केली, गोल शिक्का मारला, आणि एकही वाचली नाही.

पावणेअकराला व्हरांडा भरला. मी चकितच झाले. गॅदरिंगला इतकी माणसं येत नसत. एक बाई डोळ्याला पदर लावून आली होती. एक जण दोन साक्षीदार घेऊन आला होता. ते साक्षीदार कशाचे हे त्यालाच माहीत नव्हतं, पण असलेले बरे म्हणून. एकाने मुलीच्या हाती डॉक्टरचं सर्टिफिकेट पाठवलं होतं, की अर्जदारास हगवण लागल्याने हजर राहता येत नाही, सबब पुढील तारीख मिळावी. मी ते दोनदा वाचलं. माणसं विज्ञानाला इतका मान देतात हे पाहून माझं मन भरून आलं.

मी हातात कांदा आणि चिमटा घेऊन बाहेर आले. डोळे लाल, नाक लाल. सगळे एकदम गप्प झाले. आता वाटतं, त्यांना वाटलं असणार, बाईसुद्धा रडतेय म्हणजे प्रकरण भारी आहे.

मी सांगायला सुरुवात केली. आज आपण सगळ्यांनी पेशी बघायची. घाबरायचं काही कारण नाही. प्रत्येक सजीव पेशींचाच बनलेला असतो. जन्मल्यापासून मरेपर्यंत पेशी कुणाला चुकत नाही.

हे शेवटचं वाक्य ऐकून एक म्हातारा म्हणाला, "खरं हाये बाई." आणि त्याने कपाळाला हात लावला.

तेवढ्यात गावंडे सर गर्दी पाहून लगबगीने आले. हनुवटी वर करून त्यांनी मला विचारलं, हे काय. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी ती पहिल्यांदाच वाचली. मग शांतपणे कोपऱ्यात जाऊन थुंकले, रुमालाने तोंड पुसलं, आणि मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आपल्या इकडं पेशी म्हणजे कोर्टाची तारीख."

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण सरांनी बाजू सांभाळली. त्यांनी गर्दीला सांगितलं की सदर पेशी ही कोर्टाची नसून शरीराची आहे. माणसं आधी हसली, मग चिडली, मग पुन्हा हसली. साक्षीदारवाला साक्षीदारांना घेऊन गेला. रडणारी बाई चहा प्यायला गेली. निम्मे पालक पांगले. बाकीचे म्हणाले, आलोच आहोत तर बघून घेऊ काय ते.

व्हरांड्याच्या टोकांवरचे ते दोघे मात्र जागचे हलले नव्हते.

ते कोण, हे मला नववीच्या वच्छलाने सांगितलं. फाटकाकडे तोंड केलेले ते तिचे वडील शेषराव सोनटक्के. मुतारीकडे तोंड केलेले ते तिचे काका पंजाबराव, त्यांची मुलगी निर्मला. दोन्ही मुली माझ्याच वर्गात एका बाकावर बसायच्या, घरी कळू न देता. घरं एकमेकांना लागून, मध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीवरून अकरा वर्षं भांडण. भिंत वीतभर तुझ्या जागेत की वीतभर माझ्या जागेत, एवढाच मुद्दा. तालुक्याच्या कोर्टात त्याच्या किती तारखा पडल्या याचा हिशेब दोघांनाही तोंडपाठ होता. अकरा वर्षांत सख्खे भाऊ एकमेकांशी जे काही बोलले ते न्यायाधीशांमार्फत.

मी त्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, काका, गैरसमज झाला, ही कोर्टाची पेशी नाही. शेषराव म्हणाले, ऐकलं. पंजाबराव म्हणाले, मलेही ऐकू येते. तरी दोघंही गाठोडी घेऊन आत आले. एक पुढच्या दाराने, दुसरा मागच्या.

प्रयोगखोलीत मी खिडकीशी टेबल लावलं होतं. आरशाने उजेड धरला, कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि काच बसवली. एकेक पालक डोळा लावून बघायला लागला. बहुतेकांनी चुकीचा डोळा मिटला आणि सुंदर आहे म्हणून पुढे गेले. शेषरावांची पाळी आली. त्यांनी टोपी काढून मुलीच्या हातात दिली, वाकले, आणि बराच वेळ वर झालेच नाहीत.

"भिंत हाये," ते म्हणाले.

मी म्हटलं, काय?

"विटा हायेत एकावर एक. बांधकाम चांगलं हाये. पर ही भिंत हाये कोणाची?"

भिंत हा शब्द कानावर पडताच पंजाबराव खोलीच्या दुसऱ्या टोकाहून तीन ढांगांत टेबलाशी आले. मले पाहू द्या, असं ते मला म्हणाले, भावाला नाही. त्यांनी डोळा लावला. ते म्हणाले, भिंत बरोबर आहे, पण विटा डावीकडून आल्या आहेत, म्हणजे ती डाव्या बाजूच्या माणसाची. शेषराव मला म्हणाले, त्यांना सांगा, यंत्रात डावं ते उजवं दिसतं, मी शाळेत शिकलो आहे. मी दोघांच्या मधे उभी राहून हे सगळं इकडून तिकडे पोचवत होते, जरी ते दोघे एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते.

मी समजावलं, या विटा नाहीत. एकेक वीट म्हणजे एकेक पेशी. कांदा वनस्पती आहे, म्हणून त्याच्या पेशीला बाहेरून पेशीभित्तिका असते, म्हणजे जाड भिंत. आत पातळ पटल, त्याच्या आत पेशीद्रव्य, आणि तो गडद ठिपका म्हणजे केंद्रक. पेशीचा सगळा कारभार केंद्रक बघतं.

"म्हंजे मालक," पंजाबराव म्हणाले.

मी म्हटलं, तसं समजा.

"एकेका खोलीत एकेकच मालक?"

एकेकच, मी म्हटलं. दोघांनाही ही व्यवस्था पसंत पडलेली दिसली.

मग माणसाची पेशी बघायची होती. गालाच्या आतून काडीने हलकेच खरवडायचं, काचेवर पसरायचं, निळ्या रंगाचा थेंब टाकायचा. मी सरांना विनंती केली, आपण मुख्याध्यापक, आपल्यापासून सुरुवात करू. सरांनी मधल्या वेळात नवा खर्रा तोंडात टाकला होता. त्यांनी दोन्ही हात हलवून नकार दिला आणि भिंतीवरच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी बघायला लागले. पंजाबराव म्हणाले, माझा गाल घ्या. शेषराव लगेच म्हणाले, आधी थोरल्याचा. शेवटी दोघांच्याही तोंडात एकदमच काड्या घातल्या, डाव्या हाताने एकाच्या, उजव्या हाताने दुसऱ्याच्या. दोघंही जबडा वासून उभे, आणि एकमेकांकडे बघणार नाहीत अशा बेताने छताकडे डोळे लावलेले. मुली खिडकीशी फिदीफिदी हसत होत्या.

दोन काचा तयार झाल्या. मी त्या टेबलावर ठेवल्या आणि रंगाची बाटली शोधायला वळले. वळून परत आले तर कुठली काच कुणाची हे मला सांगता येईना. खुणेचा कागद लावायचं मी विसरले होते.

ही चूक मी तिथेच पोटात ठेवायला हवी होती. पण मी चोवीस वर्षांची होते आणि विज्ञानाची शिक्षिका होते, म्हणून मी खरं बोलून गेले.

दोघांनी दोन्ही काचा पाहिल्या. डावीकडच्या काचेवर पेशी छान पसरल्या होत्या, प्रत्येकीत निळं केंद्रक ठसठशीत. उजवीकडच्या एकमेकींवर चढून चुरगाळल्या होत्या. डावीकडची माझी, शेषराव म्हणाले. डावीकडची माझी, पंजाबराव म्हणाले. शेषरावांचं म्हणणं, ते आयुष्यभर निंबाच्या काडीने दात घासत आले, त्यांची पेशी अशी चुरगाळलेली असणं शक्य नाही. पंजाबरावांचं म्हणणं, त्यांचं वय कमी, म्हणून पेशी ताजी. हे सगळं अर्थात मला उद्देशून. मग पंजाबरावांनी लाल फडकं सोडलं आणि त्यातून आपला जन्माचा दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. शेषरावांनी लगेच आपलं फडकं सोडलं. त्यांच्याकडे जन्माचा दाखला नव्हता, त्यांनी सात-बारा ठेवला.

"मॅडम, तुमी शिकेल-सवरेल हा," शेषराव म्हणाले. "पेशी पाहून माणूस वळखता येत नाई?"

मी म्हटलं, नाही येत. या यंत्राखाली तुमची पेशी, त्यांची पेशी, माझी पेशी, सगळ्या सारख्याच दिसतात.

दोघांनाही हे अपमानकारक वाटलं. मग पंजाबराव पुन्हा वाकून बघायला लागले. म्हणाले, हिच्यात भिंत दिसत नाही. मी सांगितलं, माणसाच्या पेशीला भिंत नसतेच. ती फक्त वनस्पतींना असते. आपल्या पेशीला नुसतं पातळ पटल असतं.

हे मी शंभर वेळा वर्गात सांगितलं होतं आणि एकाही पोराने मान वर केली नव्हती. इथे खोलीतल्या पंधरा-वीस माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं, मग सोनटक्के बंधूंकडे.

"हे लेखी द्या," पंजाबराव म्हणाले.

"मलेही एक प्रत," शेषराव म्हणाले.

गावंडे सरांनी आता तोंडातल्या खर्ऱ्याची पर्वा केली नाही. ते धावत बाहेर गेले, थुंकले, धावत आत आले आणि म्हणाले, शाळेच्या शिक्क्यानिशी कुणालाही काहीही लेखी मिळणार नाही, कार्यक्रम संपला, सर्वांनी आभार मानावेत. लोकांनी कोणाचे मानायचे ते न कळून टाळ्या वाजवल्या. जाता जाता शेषरावांनी मला विचारलं, पुढची कधी. मला वाटलं, त्यांना विज्ञानाची गोडी लागली. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात, दुसरा गुरुवार. पंजाबरावांनी दाराबाहेरूनच ते ऐकलं आणि दाखल्याच्या मागच्या बाजूवर लिहून घेतलं.

आठ दिवसांत प्रकरण तालुक्याला पोचलं. बोरखेडीच्या विद्यालयात परस्पर कोर्ट चालवतात, समन्स काढतात, असं कुणीतरी शिक्षण खात्याला कळवलं. सरांनी मला लेखी खुलासा मागितला. माझी नोकरी तेव्हा कायम झालेली नव्हती. मी रात्री उपाशी झोपले आणि सकाळी चार पानी खुलासा लिहिला. त्यात पहिलंच वाक्य होतं: 'पेशी म्हणजे सजीवांच्या रचनेचे व कार्याचे मूलभूत एकक होय.' खाली केंद्रक, पेशीद्रव्य, रिक्तिका, हरितलवके, सगळं आकृतीसह. सरांनी तो न वाचता सही करून वर पाठवला. वरूनही तो न वाचता 'समाधानकारक' असा शेरा मारून परत आला. पुढे त्या खात्याच्या फाइलमधून कुणी तो वाचला असेल, तर त्याची नववी पक्की झाली असेल.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दोघे पुन्हा आले. धोतरं तशीच कडक, गाठोडी तशीच मांडीवर. या वेळी मी गावतळ्याचं पाणी आणलं होतं. बराच वेळ शोधल्यावर एक अमीबा सापडला. तो हळूहळू सरकत होता, कधी इकडून बोट काढायचा, कधी तिकडून. मी सांगितलं, हा अख्खा जीव एकाच पेशीचा. याला ना हात, ना पाय, ना तोंड.

"मंग हा भांडतो कसा?" शेषरावांनी विचारलं.

मी म्हटलं, भांडत नाही. मोठा झाला की मधोमध दुभंगतो आणि एकाचे दोन होतात.

"वाटणी," पंजाबराव म्हणाले. मग विचार करून त्यांनी मला विचारलं, त्या दोघांत थोरला कोण. मी म्हटलं, कुणीच नाही, दोघंही सारखे. शेषराव म्हणाले, हे काही बरोबर नाही. पंजाबराव म्हणाले, बरोबर आहे.

तिसऱ्या वेळी पानाचा पापुद्रा पाहिला, त्यातली तोंडासारखी उघडणारी पर्णरंध्रं पाहिली. चौथ्या वेळी रक्त. माझ्याच बोटाला सुई टोचून थेंब काढला, तर शेषरावांना घेरी आली आणि पंजाबराव त्यांना वारा घालायला पुढे झाले. पण दोन हातांवर येऊन थांबले, आणि फडकं निर्मलाच्या हातात देऊन, घाल वारा, असं म्हणून मागे सरले. तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, हे ऐकून पंजाबरावांना फार वाईट वाटलं. बिनमालकाच्या, बिचाऱ्या, असं ते म्हणाले.

आता बाकीचे पालक यायचे बंद झाले होते. हे दोघे मात्र एकही पेशी चुकवत नव्हते. सरांनाही सवय झाली. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी ते स्वतःच दोन खुर्च्या ठेवायला सांगत, एक या भिंतीला, एक त्या भिंतीला.

पाचव्या वेळी पंजाबराव आले नाहीत.

सव्वाअकरा झाले. मी काच लावली. शेषरावांना म्हटलं, या, आज कापसाच्या देठाचा छेद आहे, बघण्यासारखा आहे. ते खुर्चीवरून उठले नाहीत. गाठोडं सोडलं नाही. म्हणाले, थांबा थोडं. साडेअकरा झाले. मी पुन्हा बोलावलं.

"एकतर्फी नाई चालत," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, ते काही कामात असतील. इतकी काय घाई? कोर्टाच्या तारखेला भेटतीलच की तुम्हाला.

शेषरावांनी गाठोड्यावरून हात फिरवला. "कोर्ट कुठी आता," ते म्हणाले. "निकाल लागून सव्वा साल झालं. भिंत हाये तिथंच राहू द्या म्हणे. दोघाईचा दावा खारीज."

मी म्हटलं, "मग त्या दिवशी तुम्ही शाळेत? चिठ्ठी बघून वाटलं ना तुम्हाला, कोर्टाची आहे म्हणून?"

"मले मालूम होतं. वच्छीनं घरीच सांगतलं, कांदा पाहाचा हाये म्हणून."

"आणि हे कागद?"

"तो आणणार होता ना."

वच्छला आणि निर्मला खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मग निर्मला मान खाली घालून म्हणाली, तिनेही तिच्या वडिलांना चिठ्ठीचा अर्थ आदल्या रात्रीच सांगितला होता. ते म्हणाले होते, मले शिकवू नको, माहं धोतर धुवून ठेव.

ते ऐकून शेषराव खाली बघत टोपीची घडी नीट करत बसले. मग म्हणाले, कोर्टाच्या दिवशी दोघे एकाच एस. टी.ने जायचे. हा पुढच्या बाकावर, तो मागच्या. कोर्टासमोरच्या हॉटेलात हा या टेबलावर मिसळ खायचा, तो त्या टेबलावर. महिन्यातून एकदा तरी दिसायचा. तब्येत कशी आहे कळायचं. निकाल लागला आणि ते बंद झालं. भिंत अशी उंच बांधली आहे की पलीकडचा खोकलाही ऐकू येत नाही.

मग त्यांनी निर्मलाला विचारलं, काहून नाई आला तुहा बाप. ती म्हणाली, बाबांची दाढ सुजली आहे, दोन दिवस झाले, तोंड उघडत नाही, काही खात नाहीत.

शेषराव उठले. मला म्हणाले, चला मॅडम. मी म्हटलं, मी कशाला? ते म्हणाले, साक्षीदार लागतो.

मी सूक्ष्मदर्शकावर रुमाल टाकला आणि निघाले. पुढे शेषराव, मागे मी, माझ्या मागे दोन्ही मुली. वाटेत ज्याने त्याने विचारलं, कुठे. शेषराव कुणाला काही सांगत नव्हते. स्वतःच्या घराच्या दारावरून ते न थांबता पुढे गेले, आणि पंधरा पावलांवर भावाच्या दारासमोर उभे राहिले. पंधरा पावलंच होती. मी मोजली.

पंजाबराव ओसरीवर बाजेवर बसले होते. डोक्याभोवती उपरणं गुंडाळून हनुवटीखाली गाठ मारलेली, उजवा गाल आंब्याएवढा. भावाला पाहून ते उठायला गेले आणि दाढेने कळ मारली म्हणून पुन्हा बसले.

"काहून गैरहजर?" शेषरावांनी विचारलं.

पंजाबरावांनी गालाकडे बोट दाखवलं.

मग शेषराव बोलायला लागले. निंबाची काडी वापरत नाहीस म्हणून हे असं होतं, हे आधी सांगितलं. मग लवंग ठेव, मग मिठाच्या पाण्याने चूळ भर. मग लहानपणी याच दाढेसाठी आईने किती रात्री काढल्या. मग आई. मग वडील. मग एक म्हैस, जी मी गावात यायच्या कितीतरी आधी मेली होती. पंजाबरावांच्या मनात प्रत्येक वाक्याला उत्तर होतं, ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. दोनदा त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा दाढेने त्यांना गप्प केलं. अकरा वर्षं अधिक सव्वा वर्षात पहिल्यांदाच दोघांतला एक जण गप्प बसलेला होता.

शेवटी शेषरावांचं बोलणं संपलं. आता काय करावं हे त्यांना कळेना. ते दारातच उभे, उंबऱ्याच्या बाहेर. पंजाबरावांनी निर्मलाला खूण केली. तिने दप्तरातून वही आणि पेन्सिल काढून दिली. त्यांनी काहीतरी लिहिलं आणि वही भावासमोर धरली. शेषरावांनी ती हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी वही माझ्याकडे दिली.

"वाचा मॅडम. मोठ्यानं."

मी वाचलं, "दादा, बस."

शेषराव उंबरा ओलांडून आत गेले आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले. आतून चहाचा वास यायला लागला. आम्ही तिघी बाहेर उन्हात उभ्याच राहिलो, कारण आम्हाला कुणी बसा म्हटलं नव्हतं.